आधी वजनकाटा, मग स्प्रिंग

व्हॅनची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगच्या खोक्यावर ‘४० मिमी’ असा आकडा छापलेला असतो आणि बहुतेक खरेदी त्या एका आकड्यावर ठरते. आकडा खोटा नसतो. पण तो ज्या गाडीला लागू पडतो, ती गाडी रिकामी असते: आत ओटा नाही, पलंग नाही, पाण्याची टाकी नाही, छतावर सोलर पॅनेल नाही. थोडक्यात, ती कॅम्पर नसते. म्हणून कॅम्परसाठी स्प्रिंग घेताना गाडी किती खाली हवी हा प्रश्न दुसरा आहे. सगळे सामान भरल्यावर कोणत्या चाकावर किती भार येतो, हा पहिला. हा क्रम उलटा केला की महागडी स्प्रिंग घेऊनही गाडी मागून बसलेली, एका बाजूला कललेली आणि प्रत्येक खड्ड्यात आपटणारी मिळते. मग दोष कंपनीला दिला जातो, पण चूक निवडीच्या क्रमात असते.

उदाहरण म्हणून फोक्सवागनची ट्रान्सपोर्टर घेऊ. हॅनोव्हरच्या कारखान्यात १९५६ पासून ही व्हॅन बनत आली. २००३ मध्ये आलेली टी-५ आणि २०१५ मध्ये आलेली टी-६ या पिढ्यांच्या जुन्या मालवाहू गाड्या घेऊन त्यांच्या कॅम्पर करणे हा ब्रिटनमध्ये मोठा व्यवसाय आहे आणि तितकाच मोठा घरगुती उद्योगही. ब्रिटन-जर्मनीत राहणारी मराठी कुटुंबेही या वाटेने जातात, कारण तयार कॅम्परची किंमत परवडत नाही. या व्हॅनला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे स्वतंत्र आर्म आहेत, आणि चारही कोपऱ्यांवर कॉइल स्प्रिंग आहे. त्यामुळे स्प्रिंग बदलणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे आणि तेच गोत्यात आणते. गाडी घरी आली की पहिल्याच महिन्यात, आत काहीही बसवण्याआधी, उंची कमी केली जाते. रिकामी असताना ती देखणी दिसते. मग वर्षभर सुतारकाम चालते आणि दर महिन्याला गाडी थोडी थोडी बसत जाते.

किती बसते, हे साध्या भागाकाराने कळते. हिशेबापुरते असे धरू की मागच्या एका चाकावर रिकाम्या गाडीचा ४५० किलो भार आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला ५० न्यूटन आहे. फर्निचर, बॅटरी, पलंग यांचे त्या चाकावर १०० किलो वाढले, तर गाडी सुमारे २० मिमी बसेल. प्रवासाला निघताना पाणी, कपडे, शिधा आणि माणसे मिळून आणखी ६० किलो आले, तर आणखी १२ मिमी. आता मूळ स्प्रिंगइतकीच कडक, पण ४० मिमी आखूड बसणारी स्प्रिंग घातली, तर कोऱ्या गाडीच्या तुलनेत भरलेली गाडी ७२ मिमी खाली गेलेली असेल. मागितले होते ४०, मिळाले ७२. दर मिलिमीटरला ६५ न्यूटन कडकपणाची स्प्रिंग घेतली, तर तेच वजन ३२ ऐवजी २४ मिमीच दाबेल. म्हणजे भरलेल्या अवस्थेत एकूण ४० मिमीच उतरायचे असेल, तर अशी स्प्रिंग हवी जी रिकाम्या गाडीला फक्त १६ मिमी खाली आणते. खोक्यावर ‘४०’ वाचून घेतलेली आणि गरजेला बसणारी स्प्रिंग यांत इतके अंतर पडते. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत हीच.

हे १०० किलो कुठून येतात, याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो, कारण वजन लहान लहान हप्त्यांनी येते. १८ मिमी जाडीच्या बर्च प्लायचा आठ बाय चार फुटांचा एक तक्ता सुमारे ३६ किलोचा असतो. तेवढ्याच जाडीचा हलका पॉप्लर प्लाय घेतला तर तो २४ किलोच्या आसपास भरतो. चार तक्त्यांच्या कामात निव्वळ लाकडाच्या निवडीने पन्नासेक किलोंचा फरक पडतो. पाणी लिटरला किलो, त्यात काही सवलत नाही. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी २५ ते ३० किलोंची, तर लिथियमची साधारण निम्म्या वजनाची. वर उचलता येणारे छत, त्याची चौकट, वरचा बिछाना हे वेगळेच. माझ्या मते हलका प्लाय आणि लिथियम बॅटरी यांवर केलेला खर्च हा सस्पेन्शनवरचाच खर्च समजावा, कारण जे वजन गाडीत चढलेच नाही त्यासाठी स्प्रिंग शोधावी लागत नाही.

वजन किती याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे. टी-५च्या आखूड आवृत्तीत दोन आसांमधले अंतर ३,००० मिमी आहे. मागच्या दारावर सायकलींचा स्टँड लावला आणि स्टँडसह ५० किलो वजन मागच्या आसाच्या १,२०० मिमी मागे टांगले, तर तरफेच्या नियमाने मागच्या आसावर ५० नव्हे, ७० किलो वाढतात आणि पुढचा आस २० किलोंनी हलका होतो. गाडीचे नाक वर, शेपूट खाली. डाव्या-उजव्या बाजूंचेही तसेच. ब्रिटिश गाडीत सरकते दार डावीकडे असते, म्हणून ओटा, फ्रीज, कपाटे आणि बहुधा पाण्याची टाकीही उजव्या भिंतीला लागते. सुबक बांधणीची कॅम्परही मागून पाहिली तर चालकाच्या बाजूला किंचित कललेली आढळते, ती यामुळेच. एकसारख्या दोन स्प्रिंगा हा कल काढू शकत नाहीत. बॅटरी डावीकडे हलवणे हा पहिला उपाय, स्प्रिंगखाली जाड रबरी बैठक देणे हा दुसरा.

म्हणून काम या क्रमाने करावे. मूळ स्प्रिंग तशाच ठेवून आतले सगळे काम पुरे करावे. मग टाक्या भरून, इंधन भरून, माणसे आणि नेहमीचे सामान घेऊन गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढचा आस, मागचा आस व पूर्ण गाडी अशी तीन वजने घ्यावीत. चारही चाकांचे वेगळे वजन करून मिळाले तर उत्तमच. त्याच दिवशी प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवावी. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधली हवा आणि टायरची झीज त्या मापात मिसळते. ही सात मापे हाती असली की विक्रेत्याशी बोलणे बदलते. ‘४० मिमीची स्प्रिंग आहे का?’ असे न विचारता ‘मागच्या आसावर इतके किलो असताना ही स्प्रिंग किती उंचीवर बसेल?’ असे विचारता येते. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो असा: कडक स्प्रिंग घेतली तर गाडी दणके देणार, आणि कॅम्परमध्ये तर आराम हवा. हा आक्षेप रिकाम्या गाडीला लागू आहे, भरलेल्या नाही. स्प्रिंगवर गाडी दर मिनिटाला किती हेलकावे घेते हे कडकपणा आणि वजन यांच्या गुणोत्तरावर ठरते आणि त्यावरच आपल्याला ती मऊ की कडक वाटते. आपल्या उदाहरणातली मूळ रिकामी व्हॅन मिनिटाला सुमारे १०१ हेलकावे घेईल. त्याच स्प्रिंगवर ती भरली की आकडा ८६वर येतो. म्हणजे गाडी डुलू लागते, वळणावर कलते, पुलावरच्या वाऱ्यात हलते. ६५ न्यूटनची स्प्रिंग घालून भरलेली गाडी ९९ हेलकावे घेते. कडक स्प्रिंगने भरलेली गाडी कडक केली नाही; कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी पुन्हा केली. हीच स्प्रिंग रिकाम्या गाडीत घातली तर मात्र ११५ हेलकावे होतील आणि दणके बसतील. चालवून पाहिलेल्या दुसऱ्याच्या गाडीवरून आपली स्प्रिंग ठरवू नये, ते याचसाठी. एकच स्प्रिंग एकाच्या गाडीत दगड आणि दुसऱ्याच्या गाडीत उशी वाटू शकते, आणि दोघेही खरे सांगत असतात.

कडकपणा तारेच्या जाडीवर कसा अवलंबून आहे हेही जाणून घेण्यासारखे आहे. तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार ५ टक्के जाड केली की बाकी सगळे तसेच असताना कडकपणा २१ टक्क्यांहून अधिक वाढतो. दोन स्प्रिंगा शेजारी ठेवून नुसत्या डोळ्यांनी तुलना करणे व्यर्थ ठरते, ते या चौथ्या घातामुळे. वेढे कमी केले तरी कडकपणा वाढतो, आणि त्यातूनच स्वस्तातला धोकादायक मार्ग निघाला: मूळ स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापणे. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. तापवून खाली बसवणे त्याहून वाईट, कारण पोलादाचे पाणीच उतरते. हे कुणी करून देतो म्हणाला तर ते गॅरेज सोडावे. वेढ्यांमधले अंतर एका टोकाकडे कमी होत जाणाऱ्या, म्हणजे दाबाबरोबर कडक होणाऱ्या स्प्रिंगा मिळतात. रोज रिकामी आणि शनिवार-रविवारी भरलेली अशी गाडी असेल तर त्या योग्य. पण कायमचे फर्निचर असलेल्या कॅम्परमध्ये जवळ जवळचे वेढे उभ्या गाडीतच एकमेकांना टेकलेले असतात. मऊ भागाचा उपयोग संपलेला असतो. तिथे एकसारख्या कडकपणाची, वजनाला मोजून घेतलेली स्प्रिंग मला अधिक पटते.

स्प्रिंगच्या जोडीला शॉकॲब्सॉर्बरचा खर्च धरलाच पाहिजे. हेलकावा थांबवण्यासाठी लागणारा जोर कडकपणा आणि वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने वाढतो. ५० न्यूटन आणि ४५० किलोंवरून ६५ न्यूटन आणि ६१० किलोंवर गेलो की तो जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. लाखभर किलोमीटर धावलेल्या मालवाहू व्हॅनचे मूळ शॉकॲब्सॉर्बर रिकाम्या गाडीलाही पुरेसे उरलेले नसतात. त्यावर नवी कडक स्प्रिंग चढवली की गाडी उसळत राहते आणि लोक म्हणतात, स्प्रिंग वाईट आहे. त्याच कामात बंप स्टॉपही बघावेत. चाक वर येताना शेवटी ज्यावर टेकते तो हा लवचीक ठोकळा. उभी असतानाच गाडी त्यावर टेकली असेल, तर स्प्रिंग कितीही चांगली असली तरी तुम्ही ठोकळ्यावर बसून प्रवास करत आहात. वरच्या उदाहरणातली ७२ मिमी उतरलेली गाडी नेमकी याच अवस्थेच्या जवळ जाते.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: वजनाने गाडी आपोआप ३० मिमी बसतेच आहे, तर फुकटात उंची कमी झाली, स्प्रिंगला पैसे कशाला? दिसण्यापुरते हे खरे. पण बसलेल्या गाडीने आपल्या चाकाचा वर येण्याचा प्रवास खर्च केलेला असतो आणि वाढलेल्या वजनाला थोपवण्यासाठी तिला तो आधीपेक्षा जास्त लागतो. खाली घेतलेल्या गाडीचाही प्रवास कमी होतो, फक्त तिथे वाढलेला कडकपणा त्याची भरपाई करतो. उंची सारखी दिसली तरी या दोन गाड्या खड्ड्यात सारख्या वागणार नाहीत.

तिसरा पर्याय उंची फिरवून बदलता येणाऱ्या कॉइलओव्हरचा. वजन नक्की नसताना हाच सुरक्षित मार्ग, असे विक्रेते सांगतात. त्यात तथ्य आहे, कारण डाव्या-उजव्या बाजूंचा कल त्याने काढता येतो. पण फिरवल्याने बदलते ती बैठक; स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. हलक्या स्प्रिंगचा कॉइलओव्हर वर चढवून भरलेल्या कॅम्परची उंची सावरता येईल, डुलणे नाही. शिवाय बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चार हिवाळे काढल्यावर कॉइलओव्हरचे आटे फिरतीलच असे नाही. मागच्या स्प्रिंगला मदत करणाऱ्या हवेच्या पिशव्या मात्र एका परिस्थितीत खरोखर कामाच्या आहेत: आठवडाभर रिकामी आणि सुट्टीत दोनशे किलोंनी जड होणारी गाडी. सारखेच वजन वाहणाऱ्या गाडीत त्यांची गरज नाही.

मग उंची कमी करावीच का? यालाही सरळ उत्तर आहे, आणि ते फक्त दिसण्याचे नाही. २,६०० किलोंच्या व्हॅनचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८०० मिमीवर धरला आणि छतावर दोन मीटर उंचीवर ६० किलो चढवले, तर गुरुत्वमध्य सुमारे २७ मिमी वर सरकतो. गाडी ४० मिमी खाली आणली की हा तोटा भरून निघतो आणि थोडा फायदा उरतो. दुसरे कारण शहरातल्या वाहनतळांचे. फोक्सवागनने आपल्या टी-६ कॅलिफोर्निया या तयार कॅम्परची उंची १,९९० मिमी ठेवली, दोन मीटरच्या कमानीखालून जेमतेम जाणारी. तशा गाडीवर एक जाडसर सोलर पॅनेल लावले की वाट बंद. तिथे ३० मिमींचा प्रत्यक्ष उपयोग आहे. पण वळणावर कमी कलणे एवढाच हेतू असेल, तर जाड अँटी-रोल बार आधी बसवावा. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत उंची उतरवली की ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि कलवणारी तरफ उलट लांब होते. म्हणून मऊ स्प्रिंगवर फार खाली घेतलेली व्हॅन खाली असूनही जास्त कलते. कोऱ्या गाडीच्या तुलनेत भरलेल्या अवस्थेत ३० ते ४० मिमी, यापलीकडे कॅम्परला नेऊ नये असे माझे ठाम मत आहे. त्यापुढे ड्राइव्हशाफ्टचे कोन बिघडतात आणि मागचे आर्म चाके इतकी आत झुकवतात की टायर आतल्या कडेने झिजतात. कॅम्पसाइटवरच्या ओल्या गवताच्या उंचवट्यावर गाडीचे पोट टेकते, ते वेगळेच.

स्प्रिंग बसवल्यावर अलाइनमेंट करायची हे सर्वांना ठाऊक असते. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरांत थोड्या आणखी बसतात, म्हणून ती त्यानंतर पुन्हा तपासावी, आणि गाडी भरलेली असताना. हेडलाइटचा झोत लगेच नीट करून घ्यावा. पुढच्या काचेवर कॅमेरा असलेल्या नव्या गाडीत तोही नव्याने जुळवावा लागू शकतो. जुन्या गाड्यांत एक गोष्ट हमखास विसरली जाते. टी-४च्या काही आवृत्त्यांप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो गाडीची उंची पाहून भार ओळखतो. उंची कमी केली की गाडी जड झाली असे तो समजतो आणि मागच्या चाकांना गरजेपेक्षा जास्त ब्रेक देतो. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी घसरली की काय होते हे सांगायला नको. (टी-४च्या पुढच्या बाजूला कॉइल नसून टॉर्शन बार असतात, तिथे उंची बार फिरवून बदलते, म्हणून त्या गाडीच्या संचात मागच्या स्प्रिंगांचेच महत्त्व.)

वजन आधी, उंची नंतर, या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा जर्मनीच्या नियमांत आहे. तिथे चांगल्या स्प्रिंगबरोबर तज्ज्ञ-तपासणीचा दस्तऐवज येतो आणि त्यात ती स्प्रिंग पुढच्या व मागच्या आसावर किती भारापर्यंत चालेल हे लिहिलेले असते. एकाच व्हॅनसाठी, एकाच ‘४० मिमी’साठी आसभारानुसार वेगवेगळ्या क्रमांकांच्या स्प्रिंगा असतात. ट्युफसारख्या संस्थेचा तपासनीस गाडीच्या कागदांवरचा आसभार त्या दस्तऐवजाशी ताडून पाहतो. ब्रिटनमध्ये इतकी कडक पद्धत नाही, म्हणून तिथल्या खरेदीदाराने हा दस्तऐवज स्वतः मागून वाचावा. आयबाख आणि एच-अँड-आर या जर्मन कंपन्यांचा माल तिकडे सर्रास विकला जातो. विमा कंपनीला बदल कळवणेही तितकेच आवश्यक, नाहीतर दाव्याच्या वेळी प्रश्न उभा राहतो. आणि एक गैरसमज: कडक स्प्रिंग घातल्याने गाडीची कायदेशीर वजनमर्यादा वाढत नाही. टी-२८ म्हणून नोंदलेली व्हॅन २,८०० किलोंचीच राहते. काट्यावर त्यापेक्षा जास्त भरली तर सामान कमी करायचे किंवा रीतसर मर्यादा वाढवून घ्यायची.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे किती लागू? भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. शिवाय आपल्या गतिरोधकांवर खाली घेतलेल्या व्हॅनचे हाल होतील. पण कॅम्पर इथेही होत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच पुण्याच्या फोर्सच्या ट्रॅव्हलरवर. मागे पाट्यांची कमान असलेल्या अशा गाडीत प्रश्न उलट दिशेने येतो. सतरा प्रवाशांना उचलणारी कमान चार माणसांच्या हलक्या कॅम्परला फार कडक पडते, आणि त्याच गाडीत शौचालय, मोठी टाकी, जनरेटर चढवले तर मागचा आस मूळ भाराच्याही पुढे जातो. पाटा काढायचा, घालायचा की काहीच करायचे नाही, हे कमानवाल्याच्या अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. महामार्गावर जागोजागी वजनकाटे आहेत. सामान भरून आधी पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके चढवावीत. तीन पावत्या मिळतील. त्या आरसी आणि कंपनीच्या पाटीवरच्या आसभाराशी ताडून पाहाव्यात आणि त्या घेऊनच आरटीओने मान्य केलेल्या बांधणीकाराकडे जावे.